रश्श्यावरचा तवंग

माझ्या थोरल्या जावेच्या डाव्या भुवईवर एक पांढरी, अर्धगोल खूण होती. नव्या माणसाला वाटायचं, लहानपणी कुठेतरी आपटली असेल. ती पळीची खूण होती. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हाची.

तिच्या माहेरी वडील कायमचे आजारी. घरात मटण शिजलं की तिची आई आधी रश्श्यावरची चरबी पळीनं काढून टाकायची आणि मगच वाढायची. सासरी पहिल्यांदा मटण केलं तेव्हा हिनंही तेच केलं. चार शब्द कौतुकाचे कानावर पडतील अशी आशा. थोरल्या भाऊजींनी वाटीत बोट बुडवलं, वर धरून निरखलं.

"तवंग कुठाय?"

"काढला. पोटाला जड होतो ना."

भाऊजी उठले, पातेल्यातली गरम पळी उचलली आणि तिच्या तोंडावर हाणली. मग बसून जेवले. हे तिनं मला कांदे चिरता चिरता सांगितलं, बाजारात कोथिंबीर महाग झाली हे सांगावं तसं. पुढची चौदा वर्षं तिनं तवंगाला हात लावला नाही. उलट रस्सा झाला की पहिल्या दोन पळ्या वरच्या वर उचलायच्या आणि भाऊजींच्या वाडग्यात ओतायच्या, हा त्या घराचा कायदा झाला.

मी त्या घरात आले ती धाकटी सून म्हणून, तिच्यानंतर पाच वर्षांनी. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. आमचे हे दगडखाणीच्या वजनकाट्यावर बसायचे, आणि त्या काट्याइतकंच बोलायचे. कुणी अंगावर पाय दिला तर थोडे हलणार आणि पुन्हा जागच्या जागी. भाऊजी खाणीत सुरुंग लावायचे. त्यांच्याबद्दल खाणीत एक विनोद होता: हातात दारू, पोटात दारू, आणि पेटायला काडीही लागत नाही. विनोद अर्थात त्यांच्या पाठीमागे. जाऊबाईंना मूल नव्हतं. एकदा राहिलं होतं. पाचव्या महिन्यात भाऊजींची लाथ बसली आणि गेलं. माझ्या दोन्ही मुली तिच्याच मांडीवर वाढल्या.

आमच्या घरी खानावळ होती. खाणीतली माणसं लांबून लांबून आलेली, बायकामुलं मागे ठेवून. आमच्या मागच्या खोलीत आणि अंगणात मिळून अठ्ठावीस जण दुपारचे जेवायचे. एका वेळी चौदाच मावत, म्हणून दोन पंगती. आठवड्यातून दोन दिवस मटण. आणि सगळं भांडण त्या दोन दिवसांचं.

खाटीक आम्हाला बरगड्या आणि चरबीचे तुकडे द्यायचा. रस्सा शिजला की वर बोटभर जाड तवंग यायचा, लालभडक, पातेल्याच्या कडेपर्यंत. पहिली पंगत क्रशरवाल्यांची, कारण त्यांचं यंत्र जेवणाच्या सुट्टीला आधी बंद व्हायचं. ते येऊन बसायचे आणि आम्ही वाढताना वरचंवरचं त्यांच्या ताटात जायचं. खाली खड्ड्यात छिद्रं पाडणारे लोक दीडशे पायऱ्या चढून वर येईपर्यंत पातेल्यात उरायचं ते तांबूस पाणी. तळापासून ढवळून वाढलं तरी चरबी क्षणात पुन्हा वर. त्या बिचाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"वहिनी, हा रस्सा आहे की हात धुवायचं पाणी?" असं त्यांच्यातला एक जण दर मटणाच्या दिवशी विचारायचा. उंच, सरळसोट गडी. त्याला सगळे पहार म्हणत. दिसायलाही तसाच, आणि डोक्यातही लोखंडच.

जे घडलं ते असं. एके दिवशी पहार आणि त्याचे पाच-सहा जण काम अर्धवट टाकून वर आले आणि पहिल्या पंगतीत बसले. अंगावर दगडाची भुकटी, हातही धुतलेले नाहीत. क्रशरचा मुकादम दारात आला. ठेंगणा, मानेला चामड्याचा पट्टा बांधल्यासारखा घट्ट माणूस.

"उठ," तो म्हणाला.

"बसलोय," पहार म्हणाला.

मुकादमानं बुटाच्या टोकानं पहारच्या ताटाला लाथ मारली. भात भिंतीवर गेला. पहारनं बसल्या जागेवरून त्याचे दोन्ही पाय ओढले, मुकादम पाठीवर आपटला, आणि पुढे कोण कुणाला मारतंय ते कळेनासं झालं. एकानं दुसऱ्याचं डोकं उंबऱ्यावर दोनदा आपटलं. कुणाच्या तरी हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा होता. मी माझ्या मुलींना आतल्या खोलीत ढकललं आणि कडी लावली. जाऊबाई पातेल्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ते कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

त्या पंगतीत एक म्हातारे दगडघडवे होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते कुणाच्यात नसायचे. कोपऱ्यात बसून हळूहळू जेवायचे, दात नव्हते म्हणून. कुणीतरी ताट भिरकावलं. ताटाची कड काकांच्या उजव्या डोळ्यात बसली. ते ओरडलेही नाहीत. नुसता हात डोळ्यावर धरला आणि बोटांच्या फटीतून रक्त आणि आणखी काहीतरी पांढरट खाली आलं, त्यांच्या भातावर. ते बघून मग मारामारी थांबली.

आणि भाऊजी? भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांचा वाडगा त्यांना आधीच मिळाला होता. ते पावाचा तुकडा तवंगात बुडवून खात होते. सगळं संपलं तेव्हा त्यांनी वाडगा पुसून घेतला, म्हणाले, "डोळा गेला म्हाताऱ्याचा," आणि हात धुवायला गेले.

काकांचा डोळा गेलाच.

आम्ही दोघींनी फरशी धुतली. जाऊबाईनं तीनदा पाणी बदललं. चौथ्या वेळी ती फडकं हातात तसंच धरून उकिडवी बसली आणि म्हणाली, "आता तवंग कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"काढून टाकायचा. पहिल्या पंगतीला नाही, दुसऱ्या पंगतीला नाही. घरातही नाही."

"जाऊबाई, भाऊजी मारतील हो."

"मारतातच की," ती म्हणाली.

पुढच्या मटणाच्या दिवशी ती भल्या सकाळीच चुलीपाशी. मला म्हणाली, बघ आणि शीक, मी नसले तर तुला यायला हवं. पातेलं चुलीवर अर्धं बाजूला सरकवलं, म्हणजे एका अंगानं उकळी आणि दुसरं अंग शांत. चरबी आपोआप शांत बाजूला येऊन साचते. मग रुंद पळी कडेनं आडवी, जेमतेम टेकवत न्यायची. मी घाईनं मध्येच पळी घातली तर तिनं माझ्या मनगटावर टपली मारली. "मधून गेलीस की सगळं मोडतं. कडेनं ये." बरंच निघालं की पातेलं उतरवून अंगणातल्या पाण्याच्या टाकीत गार करायला ठेवायचं. आणि शेवटी बर्फ. मासेवालीकडून तिनं बर्फाची बादली आणवली होती. पळीत बर्फाचे खडे घ्यायचे आणि पळीचं बूड रश्श्यावरून नुसतं फिरवायचं. उरलीसुरली चरबी गार लोखंडाला मेणासारखी चिकटते. पुसून काढायची, पुन्हा फिरवायची. आठ-दहा वेळा. खाली राहतो तो रस्सा इतका स्वच्छ की तळातली बरगडी दिसते.

पण नुसता असा वाढला तर माणसं म्हणणार, फसवलं. म्हणून तिनं कांदा खरपूस भाजून, वाटून त्यात घातला आणि पुन्हा एक उकळी दिली. मी चव घेतली. खरं सांगते, इतकी वर्षं त्या चरबीखाली एवढी चव दडपून बसली होती हे मला माहीत नव्हतं.

काढलेल्या चरबीत पाणी राहिलं तर ती आंबते. ती कढईत कढवून, डब्यात भरून तिनं चरखीवाल्याला देऊन टाकली, खड्ड्यातून दगड भरलेल्या वाघिणी ओढणाऱ्या कप्पीला लावायला.

दुपारी माणसं बसली. दोन्ही पंगतींना सारखंच. क्रशरवाल्यांनी ताटाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. मुकादम म्हणाला, "वहिनी, आज बकरं उपाशी होतं का?" कुणीतरी हसलं. पण जेवले. पहारनं दोनदा मागून घेतला आणि यावेळी हात धुवायच्या पाण्याबद्दल बोलला नाही.

भाऊजींपुढे तिनं वाडगा ठेवला. त्यांनी बोट बुडवलं.

"तवंग?"

"काढला."

त्यांनी तिला सगळ्यांसमोर मारलं. तोंडावर, मग खाली पडली तेव्हा कमरेत. चौदा माणसं ताटं पुढ्यात घेऊन बसली होती. एकानंही घास थांबवला नाही असं म्हणणार नाही, काहींचे थांबले. उठलं मात्र कुणी नाही. नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला, हे मी माझ्या डोळ्यांनी चौदा चेहऱ्यांवर वाचलं. मीही कुठे उठले? मी भाताचं पातेलं धरून उभी होते. जाऊबाई उठली, ओठावरचं रक्त मनगटानं पुसलं आणि विचारलं, "भात कुणाला?"

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तिची एक बरगडी दुखावली. श्वास घेताना ती हात छातीवर धरायची. मी म्हटलं, "अहो जाऊबाई, त्यांच्यापुरता काढून ठेवा ना वाटीभर. काय बिघडतं?"

ती बर्फ पळीत घेत होती. म्हणाली, "एकाला वाटीभर दिला की दुसरा मागतो. मग तिसऱ्याचा डोळा जातो."

चौथ्या वेळी भाऊजी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबलेच नाहीत. झालं असं, की चरखीवाल्यानं कप्पीला चरबी लावताना सगळ्यांदेखत म्हटलं, "भाऊ, बघा, तुमचं जेवण चाक जेवतंय!" खाण हसली. आतापर्यंत पाठीमागे हसायची, आज तोंडावर हसली. भाऊजी सुरुंगाची दोरी तिथेच टाकून घरी आले. सकाळचे दहा वाजले असतील.

जाऊबाई चुलीच्या ओट्यापाशी होती. एका चुलीवर पातेलं रटरटत होतं, दुसऱ्यावर कढईत काढलेली चरबी कढत होती, धूर सुटण्याच्या बेतात. मी खाली बसून कांदे सोलत होते. भाऊजी आले ते बोललेच नाहीत. डाव्या हातानं त्यांनी तिचे केस मुळाशी धरले आणि तिचं तोंड पातेल्यावर वाकवलं. उजवा हात ओट्यावर टेकवला, जोर लावायला.

"चाकाला घालतेस माझं? चाकाला? थांब, तुझ्याच तोंडानं काढ तवंग!"

वाफेत तिचा चेहरा दिसेना. मी उठले, त्यांच्या दंडाला लोंबकळले. त्यांनी कोपर मागे मारलं. ते माझ्या तोंडावर बसलं आणि मी पाट्यावर पडले. समोरचा दात अर्धा तुटून जिभेवर आला. तिथून मी जे बघितलं ते असं: जाऊबाईचा हात चाचपडत कढईपर्यंत गेला, कढईतल्या पळीवर घट्ट झाला, आणि तिनं ती पळी भरून ओट्यावरच्या त्या हातावर रिती केली. संथपणे. सांडू नये म्हणून आपण वाढताना काळजी घेतो, तशी.

भाऊजींच्या तोंडून जो आवाज आला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी हात उचलला नाही, उचलताच आला नाही पहिल्यांदा. पाणी भाजतं आणि ओघळून जातं. चरबी चिकटून राहते आणि भाजत राहते. मग त्यांनी हात झटकला आणि पंजावरची कातडी हातमोजा निघावा तशी बोटांपर्यंत सरकली. थोडे शिंतोडे तिच्याही मनगटावर उडाले होते. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

तिनं त्यांना खांद्याला धरून ओढत नेलं आणि त्यांचा हात बर्फाच्या बादलीत कोपरापर्यंत दाबून धरला. ते ओरडत होते, शिव्या देत होते, मग नुसतेच आई आई करत होते. तिनं मान वळवून मला सांगितलं, "लाकडं बाहेर ओढ. रस्सा करपेल."

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं. संध्याकाळी एक अंमलदार कागद घेऊन खाटेशी बसला. भाऊजींचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला. बायकोनं भाजलं हे खाणीत कळण्यापेक्षा त्यांना मरण परवडलं असतं.

"पातेलं कलंडलं," ते म्हणाले.

अंमलदारानं लिहायला घेतलं.

"कलंडलं नाही साहेब," जाऊबाई म्हणाली. "मी ओतलं. पातेल्यातलं नाही, कढईतलं. समजून ओतलं."

त्यानं पेन थांबवलं. चांगला माणूस असावा. म्हणाला, "बाई, ते स्वतः म्हणताहेत कलंडलं. तुम्ही कशाला गळ्यात अडकवून घेता?"

"उद्या हे पुन्हा माझं तोंड पातेल्यात घालायला आले तर मी पुन्हा ओतेन. तेव्हा सगळे म्हणतील, आता मुद्दाम केलं. म्हणून पहिल्याच वेळेचं नीट लिहा."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तिथे होतात?"

आमच्या ह्यांनी वाटेत मला तीनदा बजावलं होतं: काही बघितलं नाही म्हण, घराची अब्रू जाईल. ते माझ्या शेजारीच उभे होते. माझा ओठ सुजून बाहेर आला होता, शब्द फुटत नव्हते. मी तोंड उघडून अंमलदाराला तुटलेला दात दाखवला आणि मग सगळं सांगितलं, पाच महिन्यांच्या त्या जिवापासून. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

जाऊबाईला नऊ दिवस कोठडीत ठेवलं. त्या नऊ दिवसांत खानावळ मी चालवली. मटणाच्या दिवशी तवंग काढला, कडेनं, तिनं शिकवला तसा. रश्श्यात माझे अश्रू किती गेले देव जाणे. मीठ कमी पडलं नाही एवढं खरं. दहाव्या दिवशी न्यायाधीशांपुढे भाऊजींनी तक्रार नाही म्हणून अंगठा उठवला. डाव्या हाताचा. न्यायाधीशांनी माझा जबाब दोनदा वाचून घेतला आणि तिला सोडलं.

भाऊजी घरी परतले नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं तळव्याकडे वळून चिकटली होती. सुरुंगाची दोरी त्यांना पुन्हा धरता आली नाही. कंपनीनं त्यांना दूरच्या दुसऱ्या खाणीवर राखणदार म्हणून पाठवलं. नंतर दोनदा निरोप आला. एकदा ते आजारी असल्याचा, एकदा गेल्याचा. जाऊबाईनं दुसरा निरोप ऐकला आणि भाजी निवडत राहिली. त्या दिवशी तिनं चांगल्या पेंडीतली निम्मी पानं कचऱ्यात टाकली, हे मी नंतर बघितलं.

ती सुखी झाली असं मी सांगणार नाही. चार महिने तिला चुलीपाशी उभं राहवत नव्हतं. चरबी कढायला लागली की तो वास यायचा आणि ती मोरीकडे धावायची. मटण खाणं तिनं कायमचं सोडलं. एकदा मी विचारलं, "त्यांचं वाईट वाटतं का हो?"

"त्यांचं नाही," ती म्हणाली. आपला हात उलटसुलट करून बघत होती. "ह्याचं वाटतं. किती सहज ओतलं गं ह्यानं."

भांडणं थांबली असंही नाही. खाणीत माणसं एकमेकांची डोकी फोडतच राहिली, जागेवरून, बायकांवरून, पत्त्यांवरून. फक्त आमच्या अंगणात तिनं नियम केला: ज्याचा हात उठला त्याचं ताट उचललं.

मुकादमानं तो नियम मोडून बघितला. काही महिन्यांनी त्यानं पंगतीत शेजारच्याच्या कानाखाली वाजवली. जाऊबाई वाढत होती. ती आली, वाकली आणि मुकादमाच्या पुढचं अर्धं जेवलेलं ताट उचललं. त्यानं तिचं मनगट पकडून पिरगाळलं, नेमकं भाजल्याच्या डागावर. पलीकडून पहार उठला, हातात लोखंडी तांब्या.

"तू बस," ती पहारला म्हणाली. मनगट अजून मुकादमाच्या मुठीत होतं, चेहरा पांढरा पडला होता. "उठलास तर तुझंही उचलेन."

पहार उभाच राहिला, मग बसला. मुकादम तिच्याकडे वर बघत होता. ती त्याच्या डोक्यावर उभी होती आणि हात सोडवून घ्यायचा प्रयत्नही करत नव्हती. पंगतीत कुणी जेवत नव्हतं. यावेळी मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग काका उठले, एका डोळ्यानं वाट शोधत, भिंतीला धरून, आणि माझ्या शेजारी आले. मग ज्याच्या कानाखाली वाजली होती तो. मुकादमानं मनगट सोडलं आणि निघून गेला.

पाचव्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. आत येईना, जाईनाही. बाहेर दुसरीकडे खाऊन पोट बिघडलं असावं, चेहरा उतरला होता. जाऊबाईनं वाढता वाढता त्याच्याकडे बघितलं.

"उभे काय? हात धुवा," ती म्हणाली, आणि मला त्याच्यासाठी ताट घ्यायला सांगितलं.